तोफेच्या टप्प्याबाहेरचं स्थळ

आमच्या बिल्डिंगमधले सगळे कुठे ना कुठे जाऊन आलेत. दुसऱ्या मजल्यावरचे युरोपला जाऊन आले. चौथ्यावरच्या वहिनी व्हिएतनामला गेलेल्या आणि आल्यावर महिनाभर जिन्यात गाठून फोटो दाखवत होत्या. मी गेल्या नोव्हेंबरात कोपरहून कल्याणला गेले, कल्याणहून परत कोपरला आले, आणि दोन दिवसांनी माणकोली पुलावरून कोलशेतला गेले. झाला प्रवास. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी तो सविस्तर सांगणार आहे. व्हिएतनामचं तुम्हाला कोणीही सांगेल. पण कोलशेतच्या टॉवरखाली, जमिनीच्या पोटात दोन मजले उतरून, भाकरी आणि सुकट खाल्लेली बाई तुमच्या ओळखीत दुसरी निघणार नाही.

आधी मी कोण ते. सुनंदा कांबळे, वय अठ्ठावन्न. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते, त्यामुळे मला जगाचा भूगोल वगैरे काही माहीत नाही. कुठल्या घरात कोण जेवायला आहे आणि कोण रुसून गेलंय तेवढं पोळ्यांच्या ऑर्डरवरून कळतं. माझे मिस्टर टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत. मी त्यांना सगळ्यांसमोर कांबळेच म्हणते. त्यांना दिवसभर काम नाही, म्हणून ते बातम्या बघतात आणि काळजी करतात. त्या काळजीतच त्यांनी एका संस्थेला परस्पर फोन करून सांगितलं की आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. ही संस्था सीमेवरच्या गावांतल्या मुलींना दहा दिवस इकडच्या घरांत आणून ठेवते. पलीकडून केव्हा तोफेचे गोळे येतील याचा भरवसा नाही, अशी ती गावं.

"त्या मुली कधी गावाबाहेर पडलेल्या नाहीत गं," कांबळे म्हणाले.

"मी तरी कुठे पडलेय," मी म्हटलं. पण खोली झाडून घेतली.

कोपर

दोघी आल्या. मोठी नसीम, सोळाला दोन महिने कमी. धाकटी झोया, तिची चुलत बहीण, तेरा वर्षांची, आणि तेराच्या मानाने तोंडाने फार पुढे. गाव जम्मूच्या वरच्या डोंगरात, नाव लिहीत नाही. आमचं सगळं बोलणं हिंदीत झालं, पण माझं हिंदी छापण्यासारखं नाही, म्हणून इथे मराठीतच लिहिते. 'मावशी' हा शब्द मात्र त्यांनी पहिल्याच तासात उचलला.

मुलींना सोडायला आलेल्या संस्थेच्या ताईंनी मला ओट्यापाशी बाजूला घेतलं. "मोठीचं लग्न ठरलंय," त्या हळूच म्हणाल्या. "परत गेली की महिन्याभरात निकाह. तिला दहावीला बसायचंय. फॉर्म भरायची मुदत याच महिन्यात संपते. आम्ही वडिलांना सांगून थकलो. तुम्ही त्या विषयावर काही बोलू नका, फक्त मजा करू द्या तिला."

मला 'बोलू नका' सांगणं म्हणजे रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू नको सांगण्यासारखं आहे. तरी मी मान हलवली.

मुलींना मी समोरची खोली दिली. बाल्कनी, दोन खिडक्या, नवी चादर. पहाटे कणीक मळायला उठले तर पलंग रिकामा. आल्या नाही तोच पळाल्या, आता संस्थेला काय तोंड दाखवू, असा विचार करत स्वयंपाकघराकडे वळले तो पायाला काहीतरी लागलं. दोघी पॅसेजमध्ये, संडास आणि स्वयंपाकघराच्या मधल्या चिंचोळ्या जागेत झोपलेल्या. पायांत बूट.

मला रागच आला. चादर मी खास त्यांच्यासाठी काढलेली.

"खोली छान आहे, मावशी," नसीम उठून बसत म्हणाली, "पण ती बघायला. झोपायला दोन भिंतींच्या मधली जागा बरी. खिडकीची काच आधी उडते." मग तिने चहा होईपर्यंत आमचं अख्खं घर तपासलं. स्वयंपाकघर वाईट, कारण सिलेंडर. देवाच्या जागी बाबासाहेबांचा फोटो आहे ती भिंत चांगली, जाड आहे. सगळ्यात उत्तम संडास, पण त्यात चार माणसं मावणार नाहीत. कांबळे गंभीरपणे ऐकत होते. हा फ्लॅट घेताना वास्तू बघायचा बिल्डरचा आग्रह त्यांनी हसून मोडून काढलेला, आणि आता पोरीने ती बघितलीच.

दुसरा राग मला सरबताचा आला. घरचं कोकम, स्वतः केलेलं, ग्लास भरून समोर ठेवलं तर दोघी दोन घोट घेऊन थांबायच्या. जेवताना पाणी नाही. बाहेर जायचं असलं की थेंब नाही. मी म्हटलं, डोंबिवलीचं पाणी आवडत नसेल, डोंगरातल्या झऱ्याची सवय असणार महाराणींना. तसं मी बोलूनही दाखवलं.

झोयाने सरळ सांगून टाकलं. त्यांच्याकडे गोळे सुरू झाले की घरातले अकरा जण बंकरमध्ये. बंकर म्हणजे जमिनीत खणलेली सिमेंटची खोली. कधी एक रात्र, कधी तीन. आत संडास नाही. पुरुष दाराशी जाऊन येतात, मुलींनी कुठे जायचं? म्हणून मुली पाणी पीतच नाहीत. "आणि त्या दिवसांत बंकर आला," झोया म्हणाली, "की मग..." नसीमने तिला कोपर मारलं.

सरबताचा ग्लास परत भरला, संडासाचा दिवा लावून दार उघडं ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा, हे आपलंच आहे, इथे रांग नाही." तिसऱ्या दिवशी झोया दोन ग्लास प्यायली. मला कोणी इनाम दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

केंद्रात माझ्या हाताखाली तीन बायका आहेत. त्यांना पाहुण्यांपेक्षा पाहुणीच्या लग्नात जास्त रस. "मुलगा काय करतो गं? घर केवढं आहे?" नसीम मक्याची रोटी हातावर थापत होती, लाटणं तिला नकोच होतं. ती म्हणाली, "मुलगा बघितला नाही. गाव बघितलंय."

"म्हणजे?"

"आमच्याकडे आधी गाव बघतात. अब्बूंनी विचारलं, तिथवर गोळा पोचतो का? ते म्हणाले, आजवर पोचला नाही, मध्ये दोन डोंगर आहेत. मग ठरलं."

लाटणी थांबली. आपल्याकडे पत्रिका, पगार आणि पार्किंग बघतात. माझ्या भाचीचं एक चांगलं स्थळ तर मुलगा बदलापूरला राहतो म्हणून नाकारलेलं, लांब पडतं म्हणे. आणि यांच्याकडे लांब पडतं म्हणूनच पसंत. नसीम पुढे अगदी व्यवहाराने सांगत होती की तिच्या वर्गातल्या सहा मुली अशाच आत दिल्या गेल्या, जितकं आत तितकं स्थळ भारी. शाळा निम्मं वर्ष बंद असते. घरात मोठी मुलगी म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. गोळ्यांचा घोर वेगळा, आणि घरं सोडून शाळेच्या इमारतीत सगळ्या गावाने एकत्र राहायची वेळ आली की अनोळखी पुरुषांचा वेगळा.

"तुला जायचंय?" मी विचारलंच. ताईंना काय, त्या गेलेल्या.

"मला दहावीला बसायचंय," ती म्हणाली. "माझं गणित चांगलं आहे." आणि रोटी तव्यावर टाकली.

कल्याण

चौथ्या दिवशी केंद्राला कुलूप लावून मी दोघींना कल्याणला काळ्या तलावावर नेलं. केंद्र बंद बघून गिऱ्हाईकांना वाटलं आमच्यात कोणीतरी गेलं. दोघांचे तर सांत्वनाचे फोन आले.

तलावाभोवती फिरायला गोल रस्ता आहे. संध्याकाळी निम्मं कल्याण तिथे वजन कमी करायला येतं आणि भेळ खाऊन जातं. आम्ही बाकावर बसलो. नसीम बराच वेळ बायकांकडे बघत होती. मग म्हणाली, "मावशी, आम्ही दोघी एक फेरी मारून येऊ? एकट्या?"

एवढीशी गोष्ट. पण तिने ती परगावी जायची परवानगी मागितल्यासारखी विचारली. त्यांच्याकडे पाणी आणायला गेल्या तरी भाऊ सोबत लागतो. तारेच्या बाजूला सुरुंग आहेत, पायवाटेवर चौकी आहे, आणि परत यायला उशीर झाला की घरच्यांचे प्रश्न.

"जा की," मी म्हटलं. "तलाव गोल आहे, हरवायचं म्हटलं तरी इथेच याल."

गेल्या. पहिली फेरी होऊन त्या माझ्यासमोरून गेल्या, पण थांबल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला हात केला. तिसऱ्याला माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हातात कुल्फी होती. त्यानंतर त्या दिसेनात. मी भेळ टाकून उठले. साडी सावरत, चालायला आलेल्या सगळ्या पेन्शनरांना मागे टाकत मी अख्खा तलाव पळत पालथा घातला. नको नको ते मनात आलं. परत बाकापाशी आले तर दोघी तिथे आरामात बसलेल्या, माझी भेळ खाताना.

"कुठे उलथल्या होतात?"

"मेंदी काढत होतो," झोयाने हात दाखवला. "त्या झाडामागे बाई बसते."

मी चांगलं झापलं. नसीम मुकाट ऐकत होती, पण गालात हसू मावत नव्हतं. "मावशी," ती म्हणाली, "तीन फेऱ्या मारल्या. एकानेही विचारलं नाही की कुठे चालल्यात." मग मलाही पुढे ओरडता येईना. मी माझ्यासाठी दुसरी भेळ घेतली.

माणकोली पुलावरून कोलशेत

कोलशेतला माझी मैत्रीण मंदा भोईर राहते. खाडीकाठच्या जुन्या गावातली. तिच्या सासऱ्यांच्या शेतावर आता टॉवर उभा आहे आणि त्यात तिला तेविसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय. टॉवरचं नाव कुठल्यातरी परदेशी गावाचं आहे, मंदा ते कधीच नीट घेत नाही, 'आमचे शेतान' म्हणते.

कांबळ्यांच्या पुतण्याची गाडी घेऊन आम्ही माणकोली पुलावरून निघालो. पूल सुंदर, खाली खाडी, वारा. नंतर ठाण्याच्या बाजूला ट्रॅफिक लागला आणि सौंदर्य संपलं. घोडबंदर रोडच्या तोंडाशी इतका वेळ उभे होतो की झोयाने शेजारच्या गाडीतल्या बाळाशी ओळख करून घेतली, भांडण केलं आणि दोस्तीही केली.

मंदाने दारातच नसीमच्या गालावरून हात फिरवला. "ये गो बाय, बस. आमचे घरान लाजाचा नाय." तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, तळलेली सुकट. मासे मुलींना चालत होते, त्यामुळे मी सुटले. पण मंदाला कौतुक जेवणापेक्षा खिडकीचं. अख्खी भिंत काचेची. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी. ती पडदे सरकवून उभी राहिली आणि मुली फ्रिजच्या मागे जाऊन बसल्या.

"काय झाला गो यांना?"

"त्यांना काच आवडत नाही," मी म्हटलं. मंदाच्या तोंडावरचा अपमान बघून मला माझी चादर आठवली आणि जरा बरं वाटलं.

आता पुढचं नीट ऐका. त्या दिवशी सोसायटीत आगीची तालीम होती. भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी जिन्याने उतरून बागेत जमायचं, सेक्रेटरी कुलकर्णींनी डोकी मोजायची. सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर मेसेज फिरत होता. मंदाने तो ग्रुप सकाळच्या फुलांना कंटाळून बंद करून ठेवलेला.

आम्ही ताटावर बसलेलो, आणि भोंगा सुरू झाला.

मी आणि मंदा एकमेकींकडे बघत राहिलो. गाडीचा असेल, शाळेचा असेल, असं आमचं चाललेलं. नसीम तोवर दारात होती. झोयाने गॅस बंद केला. नसीमने फक्त "चला" म्हटलं, आणि ते असं म्हटलं की मी, जी बावीस वर्षं दुसऱ्यांना हुकूम सोडतेय, ती ताटावरून उठले.

तेवीस मजले. माझे गुडघे आजही त्या दिवसाचं नाव काढतात. लिफ्ट बंद. एकोणिसाव्यावर एक आजी दाराला धरून उभ्या होत्या, त्यांची बाई घाबरून रडत होती. नसीमने आजींना एका खांद्यावर घेतलं, बाईच्या हातात आजींची काठी दिली, म्हणजे तिला रडायला हात उरला नाही. बाराव्यावर शिकवणीची मुलं जिन्यात धिंगाणा घालत होती, शिकवणीच्या बाई मोबाईल शोधत घरात. झोयाने मुलांना एकमेकांचे शर्ट धरायला लावले आणि आगगाडी करून खाली काढली. मंदा सगळ्यात मागे, डोक्यावर पाटी. पाटीत भाकऱ्या आणि सुकट. भोंगा वाजो नाहीतर काही होवो, रांधलेलं टाकून ती निघणार नव्हती.

तळमजल्यावर आलो. सगळी सोसायटी डावीकडे बागेत चाललेली, हसत, फोटो काढत. नसीमने तिकडे बघितलंही नाही. ती उजवीकडच्या जिन्याने खाली वळली, पार्किंगमध्ये. पहिल्या तळघरातही थांबली नाही. आणि आम्ही सगळे तिच्या मागोमाग गेलो, कारण त्या अख्ख्या इमारतीत आपण कुठे चाललोय हे ठाऊक असल्यासारखं चालणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या तळघरात तिने आम्हाला गाड्यांपासून लांब, दोन जाड खांबांच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून बसवलं. लहान मुलं मध्ये, आजी कोपऱ्यात. "कानांवर हात. तोंड उघडं ठेवा, म्हणजे आवाजाने कान फुटत नाहीत." चौदा जण आम्ही, ठाण्यातली बऱ्यापैकी शिकलेली माणसं, आ वासून बसलो. तिने छताकडे बघितलं, खांबावर थाप मारली आणि समाधानाने म्हणाली, "मावशी, किती छान बंकर आहे. दिवाबत्ती आहे. यात तर आमचं अख्खं गाव मावेल. आणि तुम्ही यात गाड्या ठेवता?"

मग बराच वेळ काहीच झालं नाही. मंदाने पाटी उतरवली. मी तुम्हाला सांगते, भाकरी आणि सुकट पार्किंगमध्ये जितकी चांगली लागते तितकी डायनिंग टेबलवर लागत नाही. शिकवणीच्या पोरांनी फडशा पाडला. आजींना सुकट डॉक्टरांनी बंद केलेली, त्यांनी दोन वेळा मागून घेतली.

मी नसीमच्या डावीकडे बसलेले. हळूच म्हटलं, "घाबरलीस का गं?" ती समोर बघत राहिली. मी परत विचारलं. तरी नाही. झोया माझ्या कानाशी आली. "त्या बाजूने नको, मावशी. त्या बाजूने तिला ऐकूच येत नाही."

मागच्या हिवाळ्यात गोठ्यावर गोळा पडलेला. म्हैस गेली. नसीम गोठ्याच्या भिंतीमागे होती, तिचा डावा कान गेला. डॉक्टर लांब, आणि नंतर तर दाखवायचंच नाही असं ठरलं, कारण स्थळ आलेलं. मुलाकडच्यांना माहीत नाही. अब्बूंनी शपथ घातलीय. झोयाने माझ्याकडूनही लगेच शपथ घेतली. आता मला कळलं की झोया चालताना कायम तिच्या डाव्या हाताला का असते.

इकडे वर कुलकर्णींची डोकी कमी भरत होती. शिकवणीच्या पोरांच्या आया रडायला लागलेल्या. वॉचमन शोधत शोधत खाली आला तेव्हा आम्ही आजींच्या लग्नाची गोष्ट ऐकत होतो.

कुलकर्णी लालबुंद. "अहो, आगीत कोणी तळघरात जातं का? धुराने गुदमरून मेला असता सगळे!" आणि त्यांचं बरोबर होतं.

नसीमचा चेहरा पडला. "आग?" ती म्हणाली. "भोंगा झाला की आत जायचं असतं ना?"

तालमीला आलेले अग्निशमनवाले साहेब, मिशीवाले, शांत माणूस, त्यांनी तिला गाव विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू एवढी माणसं खाली आणलीस, आजीबाईंसकट, एकही जण पडला नाही. हे माझ्या पोरांनाही रोज जमत नाही. आग असली की फक्त बागेत वळायचं." आणि तिला सलाम ठोकला. शिकवणीची पोरं कुलकर्णींना विचारत होती की पुढची तालीम कधी, आणि तेव्हाही जेवण असणार का.

परत कोपर

आठव्या दिवशी फोन आला. नसीमच्या अब्बूंचा. मुलाच्या आईला मुलगी बघायची होती, व्हिडिओवर. आत्ताच.

माझी तयारी होती. कांबळ्यांनी मला कायदा समजावलेला, अठरा वर्षं वगैरे, आणि मी ओट्यापाशी दोन दिवस मनातल्या मनात भाषण घोटलेलं. फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर बाई आल्या आणि माझं भाषण जागच्या जागी मेलं. बाई फार चांगल्या होत्या. गोल चेहरा, थकलेले डोळे. त्यांनी आधी माझ्या पोळ्यांचं कौतुक केलं, इतक्या पातळ कशा होतात ते विचारलं. मी मूर्खासारखी कणीक भिजवायची रीत सांगत बसले. अशा बाईला काय झापायचं?

मग त्यांनी नसीमला बोलावलं. शिवण येतं का, नमाज पढतेस का. नसीम खाली मान घालून उत्तरं देत होती. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे ये. तुझ्या कानांवर पुन्हा कधी गोळ्याचा आवाज पडणार नाही."

नसीमने ओढणी मागे केली आणि डावा कान पडद्याकडे वळवला.

"खाला, या कानाने मला ऐकू येत नाही. मागच्या हिवाळ्यापासून. गोठ्यावर गोळा पडला तेव्हा गेला. तुमच्यापासून लपवलेलं. मला ते बरं वाटत नाही, म्हणून सांगते."

तव्यावरची पोळी करपली, कोणी उलटली नाही. बाईंनी डोळे मिटले, अल्लाचं नाव घेतलं आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासात अब्बूंचा फोन. पोरीशी नाही, माझ्याशी. "बहनजी, तिला हे कोणी शिकवलं?"

नसीम माझ्यासमोर पांढरीफटक उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "मी." माझ्या आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या, इतकी झटकन कुठलीच आली नाही.

त्यांनी मला उभं आडवं घेतलं. मी ऐकून घेतलं, जे माझ्या घराण्यात कोणी केलेलं नाही. शेवटी त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही तिथे बसून शिकवता. इथे रात्री गोळा आला की कुठल्या पोराला आधी उचलायचं ते मला ठरवावं लागतं. मी तिला घालवून देत नव्हतो. लांब ठेवत होतो." मला त्या माणसाचा भयंकर राग आलेला. तो खोटं बोलत नव्हता, याचा त्याहून जास्त आला. मी त्यांना म्हटलं, "भाईसाहेब, तिला दोन डोंगरांपलीकडे ठेवून तिचं गणित कोण करणार?" त्यांनी फोन आपटला.

दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. झोयासुद्धा.

निघायच्या दिवशी संस्थेची रिक्षा खाली उभी, मी डबे बांधत होते, आणि परत त्यांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "त्यांनी नकार कळवला," ते म्हणाले. मग तुटकपणे म्हणाले, "दहावीचा तो फॉर्म. आता सगळं मोबाईलवर भरतात म्हणे. मला ते येत नाही."

कांबळ्यांनी चष्मा लावला. टेलिफोन खात्यातला माणूस, चाळीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासलेले. पंधरा मिनिटांत सगळी माहिती लिहून, कुठे सही, कुठला फोटो, शाळेतल्या कुठल्या मास्तरांना गाठायचं ते सगळं त्यांनी अब्बूंना दोनदा सांगितलं. अब्बू प्रत्येक वाक्याला "जी" म्हणत होते. शेवटी मुदत विचारली. नऊ दिवस होते.

नसीम रिक्षात बसली. मी मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. डब्यात काय काय आहे ते सांगितलं, पाणी पीत जा म्हटलं, दोनदा म्हटलं. ती हसली.

"मावशी, त्या गोळ्याने आमची म्हैस नेली, माझा कान नेला," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा माझं काहीतरी काम केलं मेल्याने." 'मेल्याने' माझ्याकडूनच शिकलेली. आणि टाळीसाठी हात पुढे केला.

मी टाळी दिली. चांगली सणसणीत. हसलेसुद्धा. रिक्षा कोपऱ्यावरून वळली तेव्हा लक्षात आलं की मी नक्की कशाला टाळी दिली, आणि मग केंद्राच्या पायरीवर बसून, चार गिऱ्हाईकं पोळ्यांसाठी समोर उभी असताना, मी मोठ्याने रडले.